पूजेला बसलेला पाना

आश्विन लागला की नागपुरात झेंडूचा वास सुटतो, आणि माझ्या नाकात त्याच्या मागोमाग ग्रीसचाही येतो. आसपास ग्रीस कुठेच नसतं. डॉक्टरांना सांगण्याजोगं हे दुखणं नाही, आणि सांगून उपयोगही नाही. सत्तरीला टेकलेल्या नाकाला एवढी मुभा असावी.

आज खंडेनवमी. आमच्या बेसा भागातल्या फ्लॅटखाली सकाळपासून पाण्याचे पाइप सुटलेत. पोरं गाड्या धुताहेत, गाड्यांच्या नाकावर हार चढताहेत, चाकांखाली लिंबं ठेवली जाताहेत. मी गॅलरीत उभी राहून पाहत होते, तर खालून एक जण ओरडला, "काकू, तुमची गाडी नाही का पूजेला?" मी म्हटलं, "गाडी नाही बाबा, गुडघे आहेत. त्यांना हार घालता का?" पोरं हसली. मीही हसले आणि आत आले, कारण आतल्या खोलीत आई आहे. नव्वदीच्या घरातली आई खंडेनवमीला मला एक प्रश्न विचारते, दर वर्षी तोच. आज अजून विचारला नव्हता.

जिथे ही पोरं गाड्या धुताहेत तिथे माझ्या लहानपणी तुरीची आणि पऱ्हाटीची वावरं होती. आम्ही सक्करदऱ्याला भाड्यानं राहत होतो. बाबूजी म्हणजे माझे वडील गुरांचे डॉक्टर होते. लोक तोंडावर 'डॉक्टरसाहेब' म्हणत आणि पाठीमागे 'ढोर डॉक्टर'. त्यांना दोन्ही चालत. उमरेडच्या रस्त्यानं निघून आत कुहीकडची गावं त्यांच्याकडे होती. एस.टी. फाट्यावर सोडून द्यायची आणि पुढे चिखल, पुढे नाला, पुढे धानाच्या बांध्या. म्हणून त्यांनी फटफटी घेतली होती. कामठीला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव व्हायचा, तिथून आणलेली ती हिरवट फटफटी सुरू झाली की आमच्या घरातली भांडी फडताळात थरथरत. आई म्हणायची, ही गाडी लढाईवरून आली, पण लढाई सोडून नाही आली.

कच्च्या रस्त्यावर रोज हादरे खाणाऱ्या गाडीचे नट ढिले होतात. आज संध्याकाळी आवळला तर उद्या संध्याकाळी पुन्हा सैल. म्हणून रोज सकाळी निघण्याआधी बाबूजी हातात पाना घेऊन फटफटीभोवती फिरत. पाना म्हणजे नट आवळायचं लोखंडी हत्यार. त्याच्या दांड्यानं प्रत्येक नट हलकेच ठोकायचा आणि मान वाकडी करून ऐकायचं. आवळलेला नट टण्णकन वाजतो. ढिल्ला असला तर नुसता ठक्क करतो. ठक्क ऐकू आलं की बाबूजींचा चेहरा खुलायचा. सापडला लेकाचा, अशा आनंदानं ते त्याला पाना लावत. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही. मोहल्ल्यात याला 'डॉक्टरसाहेबांची प्रदक्षिणा' म्हणत.

मामाच्या लग्नाला आम्ही तिघं फटफटीवर निघालो होतो. मी तेव्हा लहान, टाकीवर बसायची. आई नवं लुगडं नेसून, आहेराची पिशवी मांडीशी धरून ओट्यावर घाम पुसत उभी. बाबूजींची प्रदक्षिणा संपेना.

"मुहूर्त टळून राहिला न!" आई म्हणाली.

"एक मुहूर्त टळला तर दुसरा भेटते. चाक निघालं तर काय भेटते?"

"एवढे काय ढिले होतात रोजच्या रोज? नटच बेकार असतीन तुमचे."

"नटाचा काय दोष आहे त्याच्यात?" बाबूजी खालूनच म्हणाले. "रस्ता हलवून राहिला, तर तो तरी काय करन?"

आम्ही पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि मामा नवरीसकट जेवायला बसला होता. आईनं पुढे कितीतरी दिवस ते बाबूजींना ऐकवलं. आमच्या घरात भांडणं भरपूर होत, आणि भांडण झालं की गोष्टी आपोआप मार्गी लागत. आई एक बोले, बाबूजी एक बोलत, मी मध्ये माझं एक घाली, आणि शेवटी जे करायचं ते कोणीतरी रागारागात करून टाकी. ही आमची रीत होती.

मी आठवतेय तो आश्विन मात्र भांडणाचा नव्हता. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. त्या पावसाळ्यात बाबूजींना कावीळ झाली. भर आषाढात आजारी पडले ते पोळा होऊन गेला तरी उठेनात. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगावरची कातडी सैल. कशाच्याही मागे पाना घेऊन धावणारा हा माणूस, आणि आता त्याच्याच शरीरात काहीतरी निसटलं होतं आणि कुणालाच ते आवळता येत नव्हतं. आई मुळ्याचा रस काढी, उसाचा रस आणी, दवाखान्याच्या खेपा घाली. ती काही फार देवभोळी नव्हती. सण करायची ते सगळे करतात म्हणून. पण त्या दिवसांत एकदा पहाटे मी उठले तर ती अंगणात हात जोडून उभी होती आणि पुटपुटत होती, यांना उठव, मी तुझं नवरात्र कडक करीन, काही म्हणजे काही मोडणार नाही.

बाबूजी उठले. भाद्रपद संपता संपता पुन्हा कामावर जायला लागले. आणि आईनं नवरात्र धरलं. घट बसला तशी तिनं पायातली चप्पल सोडली, गादी सोडली, एका वेळेला भगर आणि ताक. दिवसा ऊन चांगलंच तापे. पाऊस गेलेला असतो, आकाश धुऊन वाळत टाकल्यासारखं स्वच्छ, आणि ऊन असं की वाटावं उन्हाळा काहीतरी विसरला होता म्हणून परत आला. संध्याकाळी मात्र हवा एकदम हलकी होई. बाजारात हिरवी-पिवळी संत्री यायला लागत, खाल्ली की दात आंबत. कुहीकडून बाबूजी आले की त्यांच्या कपड्यांना ओल्या धानाचा वास असे. तो वास मला आवडायचा. त्यात ते बरे झाल्याची खात्री असायची. आई वाळत होती, पण तिच्या चेहऱ्यावर असं तेज होतं की तिला काही बोलायची आमची छाती होत नसे. आमच्या घरात अदब शिरली. अदब चांगली असते म्हणतात, मला मात्र ती तेव्हापासून आवडत नाही.

अष्टमीच्या संध्याकाळी बाबूजींनी फटफटीची चेन ताणायला घेतली. आजारपणात गाडी उभी राहून चेन लोंबकळली होती. मागच्या चाकाचा मोठा नट सैल केला, चाक मागे ओढून चेन ताणली आणि नट बोटांनी फिरवून बसवला. तेवढ्यात अंधारलं आणि दिवेही गेले. आई आतून म्हणाली, या आता, आरती व्हायची आहे.

"सकाळी आवळतो," बाबूजी हात पुसत म्हणाले. "उद्या नवमी, परवा दसरा. गाडी कुठं जाऊन राहिली?"

खरंच कुठे जाणार नव्हती. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पूजेला बसतात आणि एकदा बसली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायची नाहीत. विळी नाही म्हणून त्या दिवशी भाजी आधीच चिरून ठेवायची, कात्री नाही म्हणून शिवण बंद. गाडीलाही हार घालून उभी करायची. या नियमाचा जाच कोणाला कधी वाटला नाही, कारण सगळ्यांचंच सगळं बंद असे.

सकाळी बाबूजी आंघोळीला गेले आणि आईनं हत्यारं गोळा केली. विळी, सुरी, कात्री, हातोडी, पक्कड, आणि बाबूजींच्या पेटीतले झाडून सगळे पाने. राखेनं घासून लख्ख केले, तेलाचं बोट फिरवलं, घटासमोर पाटावर ओळीनं मांडले, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. बाबूजी टॉवेल गुंडाळून बाहेर आले तोवर धूप फिरून झाला होता.

"अवं, तो मोठा पाना लागत होता मले..."

"बसला आता," आई म्हणाली. फार प्रसन्न होती. "उद्या घ्या."

बाबूजी हसले. मीही हसले. फटफटीला हार घातलेला होता, तिच्या हँडलला आंब्याचं टहाळं बांधलं होतं, आणि कुणालाच कुठे जायचं नव्हतं.

देवाजी आला तेव्हा आम्ही जेवायला बसत होतो. कुहीच्याही पलीकडच्या गावचा हा माणूस, बाबूजींच्या ओळखीचा. पहाटे चालत फाट्यावर येऊन मिळेल त्या गाडीनं आला होता. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं. ओट्याखालीच उभा राहिला, वर येईना.

"सायेब, म्हैस अडली जी," तो म्हणाला. "काल सांजपासून कळा देऊन राह्यली. एक पाय भायेर आला, बाकी काईच नाई. डोये पांढरे करून राह्यली आता. तुमी या जी. घरात लेकराले दूध तिचंच आहे, दुसरं ढोर नाई मले."

बाबूजी ताटावरून उठले. त्यांनी आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "जा. मुका जीव आहे. गाडी बसवली आहे खरी, पण जिवासाठी नेली तर देवी काही म्हणत नाही." तिनं स्वतः जाऊन गाडीसमोर नारळ ठेवला, हात जोडले, जणू गाडीची रजा काढली. बाबूजींनी औषधांची पेटी बांधली. मग ते मागच्या चाकाजवळ बसले, नट दोन बोटांनी हलवून पाहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शालू, पाह्य बरं कोणाकडे मोठा पाना भेटते का."

घरात पाना होता. दहा पावलांवर, पाटावर, झेंडूखाली. पण ते बोलले नाहीत, मीही बोलले नाही, आणि मी निघाले.

कोपऱ्यावर गुलाबरावांचं सायकलचं दुकान होतं. दार अर्धं उघडं, आत फळीवर सगळे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत मांडलेले, प्रत्येकावर कुंकवाचं बोट. इतके पाने मी आयुष्यात एका जागी पाहिले नव्हते. गुलाबराव नवी टोपी घालून बाजूला बसले होते.

"पाना? आज?" त्यांनी कानाला हात लावले. "बसले न बाई माहे सगळे. उद्या ने, एक काय, पेटीच ने."

"गाडीचा नट ढिल्ला आहे, काका. बाबूजींना कुहीला जायचं आहे."

"मंग जाऊ देऊ नको त्याईले," गुलाबराव कळकळीनं म्हणाले. "ढिल्ल्या नटानं जाऊ नाही. तुह्या बाबूजीनंच शिकवलं आहे मले ते." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. पण हात मांडीवरून हलले नाहीत.

पुढे वानखेडेकाका, गिरणीत फिटर. काका झोपले होते. काकू दारात आल्या आणि माझं ऐकून घेताना त्यांचा चेहरा कसानुसा झाला. "त्याईच्या हाताले मागच्या वर्षी मशीन लागली, माहीत आहे न तुले? तवापासून मी नवमीले काहीच हलवू देत नाही. तू माह्यी पोरगीच आहे वं, पण हे मागू नको." त्यांचं भय आणि आईचं भय एकाच घराण्यातलं होतं.

मग मला मेश्रामकाका आठवले आणि मी पळत सुटले. काका एस.टी.च्या कारखान्यात मेकॅनिक. ते कुटुंब बौद्ध, त्यांच्याकडे खंडेनवमी नसे, त्यांच्या पान्यांना कोणी बसवलेलं नव्हतं. आधी का सुचलं नाही, असं मी धावता धावता स्वतःला म्हणत होते. दाराला कुलूप होतं. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, उद्या त्यांचा मोठा दिवस, गावोगावची माणसं दीक्षाभूमीवर उतरायला लागली, घरदार सगळं तिकडे पाणी वाटायला गेलं आहे. खिडकी उघडी होती. गजांतून पाहिलं तर खाटेखाली काकांची हत्यारांची पेटी, झाकण उघडं, आणि वरच एक मोठा पाना. मी गजांतून खांद्यापर्यंत हात घातला. पेटी हातभर लांब राहिली. तिथे मला रडू आलं. सगळा मोहल्ला पान्यांनी भरला होता आणि एक नट आवळायला एक पाना मिळत नव्हता.

परत आले तर बाबूजींनी शोध लावला होता. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी काही विचारलं नाही. तांब्याची जुनी तार नटाभोवती गुंडाळून ते हातानंच पीळ देत होते. काविळीतून उठलेले हात, पीळ बसेना. देवाजी बाजूला उकिडवा बसून एकदा तारेकडे, एकदा रस्त्याकडे पाहत होता.

"मी पाना आणते," मी म्हटलं. "पाप लागायचं ते मला लागू दे." आणि आत वळले.

आईनं माझा हात धरला. जोरात नाही. नऊ दिवसांच्या उपासानं तिच्यात जोर उरलाच नव्हता. "त्याईच्यासाठीच तर बसवलं आहे वं सगळं," ती म्हणाली. "गाडी तर अंगणात होती, हे घटासमोर बसलं आहे. मीनं बोलून ठेवलं आहे. काहीच मोडणार नाही म्हणून. आता मोडलं आणि त्याईले पुन्हा काही झालं तर?"

मी बाबूजींकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते चिडतील. चाक निघालं तर काय भेटते, असं काहीतरी ओरडतील, आई रडेल, मी पाना आणीन आणि सगळं मार्गी लागेल. त्यांनी आईकडे पाहिलं. तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"राहू दे शालू," ते म्हणाले. "हळू जातो मी. बसला आहे घट्ट."

बसला नव्हता. आम्हा तिघांनाही माहीत होतं. त्या दिवशी आमच्या अंगणात कोणाचंही चुकत नव्हतं, सगळे एकमेकांचीच काळजी करत होते, आणि म्हणूनच कोणी काही करू शकलं नाही. मला अजूनही वाटतं, तेव्हा एक कडाक्याचं भांडण व्हायला हवं होतं.

किक बसली. देवाजी मागे बसला. हँडलवरचं आंब्याचं टहाळं हलत गेलं आणि वळणावर दिसेनासं झालं.

दुपार तशीच थांबून राहिली. मी पुस्तक उघडून बसले. आई घटासमोर बसली ती उठलीच नाही. तिची नजर देवीवर नव्हती, पाटावरच्या पान्यावर होती. ऊन उतरलं, बायका आरतीला येऊन गेल्या, प्रसाद वाटून झाला. रस्त्यावर कुठलाही आवाज झाला की आम्ही दोघी एकदमच दाराकडे बघायचो आणि मग एकमेकींकडे बघायचं टाळायचो. तेव्हा घरी फोन कुठला? आणि असता तरी त्या गावाला कोणाला लावला असता?

दिवेलागणीला आई म्हणाली, "शालू, उचलू का वं आता?"

"आता उचलून काय करशील, आई?"

तिचा हात पाटाच्या कडेला होता, तो तिनं मांडीवर घेतला. मला तिचा इतका राग आला होता आणि इतकी कीव आली होती की मी तिच्याजवळ जाऊन बसूही शकले नाही.

दसऱ्याच्या सकाळी रेतीचा एक ट्रक आमच्या दारात थांबला. समोर झेंडूच्या माळा, मागे रेतीवर आडवी पडलेली आमची फटफटी. बाबूजी ड्रायव्हरशेजारी बसले होते, उजव्या पायाला दोन फळ्या बांधलेल्या. त्यांना उतरवायला चार माणसं लागली. आई दारात खांबाला धरून उभी होती. बाबूजींचा चेहरा दुखण्यानं काळा पडला होता, पण त्यांनी सगळ्यांत आधी तिलाच शोधलं आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "बैल आडवा आला. काय करतो? एकदम आडवा आला."

मी ट्रकमागे गेले. माणसं फटफटी खाली घेत होती. मागचं चाक एका बाजूला कललेलं, चेन उतरून आत अडकलेली. नट नव्हता. तांब्याची तार मोकळी लोंबत होती.

देवाजी त्यांना पाहायला मोठ्या दवाखान्यात आला. रेडकू मेलेलंच निघालं, पण म्हैस वाचली होती. बाबूजी गुंगीत होते, आई पाणी आणायला गेली होती. देवाजी माझ्याशी हळूच बोलला. "सायेबानं निंगायच्या आधी गावात पाना मांगला होता जी. पंपावाल्याकडे गेलो मी. त्याचेबी बसले होते. म्या म्हटलं, राहा आजच्या दिस. तर म्हनले, घरी वाट पाहून राह्यली असन, तिनं उपास धरला हाये." एवढं सांगून त्यानं डोळे पुसले. येताना बाबूजी एकटेच होते. कुठे पडले, कसे पडले, हे पाहणारं कोणी नव्हतं. बैल होता की नव्हता, हेही.

त्यांचा गुडघा पुन्हा वाकला नाही. वाकत नाही त्या पायानं किक मारता येत नाही, बांधावरून चालता येत नाही, अडलेल्या म्हशीमागे बसता येत नाही. त्यांना ऑफिसातलं टेबल मिळालं. पाय टेबलाबाहेर सरळ काढून ते कागदांवर सह्या करत. येणारेजाणारे त्या पायाला अडखळत आणि बाबूजीच 'माफ करा' म्हणत. फटफटी कोणी तरी घेऊन गेलं. सायकलरिक्षात बसताना ते चाकाच्या नटाकडे पाहत, वाकायला जात आणि मध्येच थांबत. धानाचा वास घरातून गेला. मला तेव्हा फार राग यायचा, आणि तो काढायचा कोणावर हेच कळायचं नाही. आईवर काढावा तर ती त्या नवरात्रानंतर आधीच अर्धी झालेली. देवीवर काढावा तर तिनं पाने मागितलेच नव्हते.

आणि बैल मोठा होत गेला. दसऱ्याला सोनं द्यायला लोक येत, पायाची चौकशी करत, आणि बाबूजी सांगत. पहिल्या वर्षी नुसता बैल होता. दुसऱ्या वर्षी तो तांबडा झाला. मग त्याच्या गळ्यात घुंगरू आले, मग तो कोण्या पाटलाचा निघाला, मग तो उधळला होता कारण मागे कुत्रं लागलं होतं. "एवढा!" बाबूजी हात पसरून दाखवत. लोक चुकचुकत. आई आत चुलीपाशी असे. त्या वेळी तिच्या हातातलं भांडं वाजत नसे. बाबूजींनी तिला एका शब्दानं कधी दुखवलं नाही, आणि तिनंही कधी विचारलं नाही. ते गेले त्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला तिनं मला विचारलं, "बैल होता न वं, शालू?"

मी म्हटलं, होता. तेव्हापासून दर वर्षी म्हणते, होता. खोटं बोलताना माझी जीभ कधी अडली नाही, पण त्या दिवशी मला पुढे जेवण जात नाही.

आज दुपारी मी तिला वरणभात भरवत होते. खाली पोरांनी फटाके लावले होते. ती मधेच थांबली आणि म्हणाली, "शालू, बैल होता न वं?"

आणि मला ते 'होता' उच्चारवेना. का, ते नाही सांगता येत. थकले असेन. चमचा हातात धरून मी तशीच बसून राहिले.

"नव्हता न," आई म्हणाली.

मी मान खाली घातली. मग विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तवाच. टरकातून गाडी उतरवली तवाच पाह्यलं मीनं. तार लोंबून राहिली होती."

इतकी वर्षं! मला तिच्याकडे पाहवेना. इतकी वर्षं ती चुलीपाशी बसून त्या बैलाचे घुंगरू ऐकत होती. "मग दर वर्षी विचारतेस काहून, आई?" माझा आवाज चढला होता. "मला काहून खोटं बोलायला लावतेस?"

ती भिंतीकडे पाहत राहिली. तिच्या हनुवटीवर भाताचं शीत चिकटलं होतं, ते मी पुसलं.

"त्याईनं माह्यासाठी उभा केला तो," ती म्हणाली. "मरेपर्यंत चारा घातला त्याले. आता ते नाहीत. मीनं इचारलं नाही, तर मरन न वं तो."

माझे डोळे भरून आले. मला तिच्यासाठी काहीच करता येत नव्हतं, तेव्हाही आणि आताही. मी चमचा पुन्हा भरला.

"तांबडा होता," मी म्हटलं. "एक शिंग मोडलेलं होतं. डावं."

"उजवं," आई म्हणाली.